न नांगरलेला तुकडा

म्युनिकच्या उत्तरेला गार्चिंग नावाचं गाव आहे. आता तिथे विद्यापीठाच्या इमारतीच इमारती आहेत म्हणे. मी राहायला गेले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. गावात शेतकऱ्यांची घरं, एक चर्च, दोन खाणावळी आणि शेतांच्या पलीकडे नुकतीच उभी राहिलेली अणुभट्टी, एवढंच होतं. तिचा घुमट अंड्यासारखा दिसायचा, म्हणून लोक तिला 'आटोम-आय' म्हणजे अणूचं अंडं म्हणत. माझा त्या अंड्याशी काही संबंध नव्हता. पुण्याहून रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी मृदाशास्त्रात डॉक्टरेट करायला आले होते. माझी प्रयोगशाळा म्युनिकमध्ये होती, पण साडी नेसणाऱ्या परदेशी मुलीला खोली द्यायला शहरातल्या घरमालकिणी का-कू करत होत्या. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी मला गार्चिंगचा एक पत्ता दिला.

दार उघडलं ते पन्नाशी ओलांडलेल्या एका उंच, खांद्यांनी रुंद बाईंनी. मी पाठ केलेलं जर्मन वाक्य म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "इंग्रजी येत असेल तर इंग्रजीतच बोल. किती दमलेली दिसतेस!"

मी बघतच राहिले. बव्हेरियातल्या खेड्यातली बाई, डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, आणि तोंडी सिनेमातल्या काउबॉयसारखं नाकातलं, ताणलेलं इंग्रजी. कुठे शिकलात, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडे." हाताने त्यांनी पश्चिमेची खिडकी दाखवली आणि विषय संपवला.

त्यांच्या घरात दोन गोष्टी मला चमत्कारिक वाटल्या. जेवणाच्या टेबलावर ताटल्या आणि पेले नेहमी पालथे मांडलेले असत. वाढण्याच्या क्षणाला ते उलटे करायचे, आधी नाही. आणि वारा सुटला की बाई ओले टॉवेल घेऊन घरभर फिरायच्या आणि खिडक्यांच्या फटींत ते दाबून बसवायच्या. मला वाटलं, ही इकडची रीत असेल. मी घरी पत्रातही तसं लिहिलं. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात भूगोल शिकवत. त्यांनी वर्गात मुलांना 'थंड प्रदेशातील चालीरीती' म्हणून ते सांगूनही टाकलं.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, दुपार होती आणि बाहेर कोरडा वारा होता. बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी समोर कागद पसरून बसले होते. माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग मला फार आवडायचा. नगर आणि सोलापूरकडच्या कोरड्या भागात जे गवताळ माळ पडून असतात, ते यंत्राने फोडून लागवडीखाली कसे आणता येतील, त्याचा आराखडा मी करत होते. आमच्या प्राध्यापकांनी मला एका अमेरिकन नांगराचं छापील चित्र दिलं होतं. एका दांड्यावर ओळीने बसवलेले पोलादी तवे, पुढे ट्रॅक्टर. एका दिवसात आमच्याकडची बैलं आठवड्यात करतील त्याहून जास्त जमीन तो उलथून टाकायचा. मी ते चित्र कौतुकाने त्यांच्यापुढे सरकवलं.

बाईंची सुरी थांबली.

"हा आमच्याकडे होता," त्या म्हणाल्या. "लाल रंगाचा."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"कॅन्ससमध्ये. आमच्या शेतावर." त्यांनी एप्रनला हात पुसले. "याने तू काय फोडणार आहेस?"

"माळ. गवताचा माळ. नुसता पडून आहे तो."

"पडून आहे?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "गवत पडून नसतं, मुली. ते जमीन धरून बसलेलं असतं."

मग त्या दुपारी, दीड वर्ष एका छताखाली राहिल्यानंतर, पहिल्यांदा मला त्यांची हकिगत कळली.

त्या बाविसाव्या वर्षी लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेल्या होत्या. नवऱ्याचा काका आधीच तिकडे होता. सपाट मुलूख, झाड म्हणून नाही, कमरेएवढं गवत आणि वर आभाळ. पहिली काही वर्षं पाऊस चांगला होता आणि गव्हाला मागणी होती. जो तो गवत फोडून गहू पेरत होता. त्यांनीही पेरला. गहू इतका झाला की कोठारात मावेना, रेल्वे स्टेशनाशेजारी उघड्यावर त्याचे ढीग लागले. मुलगा झाला, पाच वर्षांनी मुलगी झाली. मग गव्हाला कोणी विचारीना, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की आणखी जमीन फोडायची आणि आणखी पेरायचं. त्याच सुमाराला पाऊस थांबला.

"एक वर्ष आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी येईल. दुसऱ्या वर्षीही तेच म्हटलं. पीक उगवलंच नाही, मग जमीन धरून ठेवायला काही उरलं नाही. आणि वारा तर तिथे रोजचाच."

त्यांनी पहिलं वादळ आलं तेव्हाचं सांगितलं. दुपारी उत्तरेकडून एक काळी भिंत आली. आधी पक्षी आले, ओरडत, तिच्यापुढे पळत. मग ससे. मग उजेड गेला. स्वयंपाकघरात उभ्या असताना त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता. मुलांच्या तोंडावर ओली फडकी धरून त्या टेबलाखाली बसून राहिल्या. सकाळी उशीवर पाहिलं तर डोकं टेकलं होतं तेवढाच भाग पांढरा होता. लोण्यात माती, पिठात माती, दुधावर मातीची साय. म्हणून ताटल्या पालथ्या. म्हणून खिडक्यांना ओले टॉवेल. अण्णांनी वर्गात सांगितलेल्या चालीरीती त्या या.

मातीच्या धुपेवर मी दीड वर्ष वाचत होते. एक इंच माती तयार व्हायला किती शतकं लागतात, हे मला तोंडपाठ होतं. पण उशीवरचा तो पांढरा भाग कुठल्याच पुस्तकात नव्हता. आणि अमेरिका! आमच्या घरी रेशनवर अमेरिकेचा गहू यायचा. आई तो चाळायची आणि अण्णा आम्हाला नकाशावर ते मैदान दाखवायचे, जगाचं कोठार म्हणून. त्या कोठारात माणसं उपाशी राहिली होती, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"उपाशी?" मी विचारलं.

"आम्ही काटेरी झुडपं खाल्ली. वाऱ्याबरोबर गडगडत येणारी. कोवळी असताना मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची. आधी गुरांना देत होतो, मग आम्हीच खायला लागलो. गुरं तर... सरकारची माणसं आली होती, मरायला टेकलेली गुरं विकत घ्यायला. घेतली आणि तिथेच खड्ड्यापाशी उभी करून गोळ्या घातल्या. माझ्या नवऱ्याने एक गाय कापून पाहिली होती. पोटात गवताऐवजी चिखल होता."

"आणि मुलं?"

त्यांनी पुन्हा सुरी हातात घेतली आणि एक बटाटा सोलून पूर्ण केला.

"मुलगी तीन वर्षांची होती. खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, धुळीचा. छातीत माती भरली होती तिच्या. सहा दिवस." मग त्या म्हणाल्या, "दफनाच्या दिवशीही वादळ आलं. गाड्या रस्त्यात थांबल्या. पाद्र्याचा आवाज येत होता, पण पाद्री दिसत नव्हता."

टेबलावरचं ते नांगराचं चित्र मी उचलून वहीत घातलं, कारण ते तिथे असणं मला सहन होईना.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. त्यांचीही छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, इथून निघा, नाहीतर मुलीपाठोपाठ जाल. नवऱ्याने शेत सोडलं आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तो कॅलिफोर्नियाला फळबागांत काम शोधायला गेला. बाईंना प्रवास झेपणार नव्हता. गार्चिंगला त्यांचा भाऊ होता, त्याने जहाजाचं तिकीट पाठवलं. ठरलं असं, की बरं वाटलं की पुढच्या शरदात परत यायचं. परत जाणं लांबत गेलं आणि मग महायुद्ध सुरू झालं. पत्रं बंद. भाऊ आघाडीवर गेला तो आलाच नाही. युद्ध संपल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या जुन्या पत्त्यावरच्या चर्चला लिहिलं. उत्तर आलं की नवरा एका गोदीत अपघातात गेला, आणि मुलगा सैन्यात भरती झाला, पुढचं माहीत नाही.

"मी धुळीतून पळून बॉम्बच्या खाली आले," बाई म्हणाल्या, आणि बटाटे चुलीवर चढवले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, मेमधल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली. बाई स्वयंपाकघरात होत्या, म्हणून मी दार उघडलं. बाहेर एक अमेरिकन सैनिक उभा होता. म्युनिकभोवती तेव्हा अमेरिकन छावण्या होत्या, त्यामुळे गणवेशाचं नवल नव्हतं. पण हा टोपी हातात धरून उभा होता, तिशीचा, रुंद खांद्यांचा, आणि त्याच्या बुटांना ओली माती लागलेली होती. साडीतल्या मला पाहून तो गोंधळला.

"माफ करा," तो म्हणाला. "माझी आई पूर्वी या घरात राहायची, असं वाटतं. गेमाइंडेच्या, म्हणजे गावकारभाराच्या ऑफिसात मला हा पत्ता मिळाला होता. मी आधी चर्चच्या दफनभूमीत गेलो. सगळे दगड वाचले. तिचं नाव कुठे दिसेना. तिथे एक बाई फुलांना पाणी घालत होती, तिला विचारलं, तर ती काहीतरी म्हणाली आणि इकडे बोट दाखवलं. मला जर्मन नीट येत नाही."

तो आईची कबर शोधत होता. हे लक्षात यायला मला वेळ लागला.

"त्या घरीच आहेत," मी म्हटलं.

"कोण?"

"तुमची आई. आत आहे. स्वयंपाकघरात."

तो माणूस दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मागून बाईंचा आवाज आला, "कोण आहे ग?" आणि त्या हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

मिठ्या, रडणं, यातलं काही झालं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग बाईंनी त्याच्या नावाने हाक मारली, प्रश्न विचारावा तशी. तो म्हणाला, "येस, मॅम." शाळेत हजेरीला म्हणावं तसं. मी बाजूला व्हायला लागले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं एवढी रुतली की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. "तू थांब," त्या म्हणाल्या. "मी एकटी नाही हे करू शकत."

म्हणून मी थांबले. टेबलाशी तिघं बसलो. मुलाने पालथ्या ताटल्या पाहिल्या, एका ताटलीवर बोट ठेवलं आणि ती उलटी केली. मग तो बोलायला लागला. युद्धात पत्रं बंद झाली तेव्हा वडिलांनी त्याला सांगितलं होतं की आई बहुतेक बॉम्बहल्ल्यात गेली. वडिलांना तसं खरंच वाटत होतं की मुलाने वाट पाहणं थांबवावं म्हणून ते तसं म्हणाले, ते त्याला कधीच कळलं नाही.

"तू शरदात येणार होतीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"मी दोन शरद रस्त्यावर उभा राहिलो."

बाईंनी मान खाली घातली. सबबी त्यांच्याकडे होत्या, आजार, युद्ध, बंद झालेली पत्रं. त्यातली एकही त्यांनी सांगितली नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तिथे कधी गेलास का? तिच्याकडे?"

तिच्याकडे म्हणजे मुलीकडे, हे मलाही कळलं.

"इकडे बदली होण्याआधी गेलो होतो," तो म्हणाला. "घर नाही आता. विहिरीचा कठडा आहे, विहीर वाळूने भरली आहे. ट्रॅक्टर होता तिथेच आहे, फक्त सायलेन्सर वर दिसतो. शेताची माती सगळी गेली, ममा. खाली घट्ट आहे, फरशीसारखं. टाचेने ठोकलं तर आवाज येतो."

"आणि ती?"

"ती आहे." त्याने जमिनीपासून हाताने उंची दाखवली, गुडघ्याएवढी. "दफनभूमी वर आहे. आजूबाजूच्या शेतांपेक्षा एवढी वर. आधी मला समजेना, लहानपणी तर सगळं सपाट होतं. मग लक्षात आलं, ती वर आलेली नाही, शेतं खाली गेली आहेत. दफनभूमी कोणी नांगरली नव्हती ना. गवत तसंच आहे तिथे, शेतं फोडण्याआधीचं. एवढाच तुकडा राहिला आहे."

तेव्हा बाई रडल्या. मुलगा उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, आणि हात कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होते. मृदाशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आकडे माझ्या डोक्यात आपोआप जुळत होते, आणि मला त्यांची शिसारी येत होती. गुडघ्याएवढी माती. माणसांच्या एका पिढीलाही पुरली नव्हती ती.

सोमवारी मी प्राध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, शेवटचा भाग मी काढून टाकते आहे. ते चिडले. वर्षभराचं काम होतं ते.

"कारण?"

"कॅन्ससमध्ये काय झालं, ते मला कळलं."

"कोणाकडून?"

"माझ्या घरमालकीणबाईंकडून."

"फ्रॉइलाइन," ते चष्मा काढून म्हणाले, "घरमालकीण हा संदर्भ देता येत नाही."

ते बरोबरच होतं. म्हणून मी ग्रंथालयात बसले. अमेरिकन नियतकालिकांचे जुने गठ्ठे तळघरात होते, काहींची जोडलेली पानं अजून कापून सुटीही केलेली नव्हती. सगळं त्यात होतं, बाईंनी सांगितलं तसंच, फक्त माणसं वगळून. मग नगरकडून कापडी पिशव्यांत आणलेली माळाची माती मी दोन ट्रेंमध्ये भरली. एका ट्रेमध्ये भुसभुशीत करून, दुसऱ्यात गवताच्या मुळांसकट, आणली होती तशीच. दोन्हींवर पंखा सोडला. प्राध्यापक बघायला आले ते नेमके चुकीच्या बाजूला उभे राहिले. पहिल्या ट्रेची माती त्यांच्या मिशीवर, कॉलरवर, चष्म्यावर जाऊन बसली. दुसरा ट्रे जवळजवळ हललाच नाही. ते चष्मा पुसत बाहेर गेले. आठवड्याने त्यांनी कळवलं की एक वर्ष मुदतवाढ मिळेल. माझा प्रबंध शेवटी माळ कसा फोडावा यावर न होता, कुठला माळ मुळीच फोडू नये यावर झाला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी मला विचारलं की, तुमच्या देशात धान्याची एवढी टंचाई असताना तुम्ही लोकांना नांगरू नका म्हणून सांगणार का? मी म्हटलं, काही ठिकाणी, हो.

मुलगा त्या उन्हाळ्यात दर रविवारी गार्चिंगला यायचा. आधी फार बोलायचा नाही. बागेचं कुंपण दुरुस्त करायचा, छपरावर चढायचा. ऑगस्टमध्ये कधीतरी मी त्या दोघांना मागच्या अंगणात हसताना ऐकलं आणि जिन्यातच थांबले. पुढच्या वर्षी त्याची बदली परत अमेरिकेला झाली, तेव्हा तो बाईंना बरोबर घेऊन गेला. तिकडे त्याची बायको आणि दोन मुलं होती, कॅन्ससमध्येच, जुन्या शेतापासून तासाभराच्या अंतरावर. म्युनिकच्या स्टेशनवर मी सोडायला गेले होते. बाईंनी माझा गाल थोपटला आणि म्हणाल्या, "आता तरी नीट जेवत जा." एवढंच.

त्यांचं एक लांब पत्र मला त्यानंतरच्या हिवाळ्यात आलं. नातीच्या शिक्षिकेने त्यांना वर्गात बोलावलं होतं, जुन्या दिवसांबद्दल मुलांना सांगायला. तिकडच्या मोठ्या माणसांना त्या गोष्टी काढलेल्या आवडत नाहीत, पण शिक्षिका तरुण होती आणि बाहेरून आलेली होती. बाईंनी काळ्या भिंतीचं सांगितलं, सशांचं सांगितलं, गाईच्या पोटातल्या चिखलाचंही सांगितलं. लहान मुलीचं सांगायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण तेही सांगून झालं. मुलं शांत बसून ऐकत होती. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "पण मग तुम्ही खिडकी का नाही लावून घेतलीत?"